सासूबाईंची बॅकरेस्ट

हार्डवेअरच्या दुकानात कडी-कोयंडा घ्यायला आलेल्या शिक्षिकेचे कान रांगेतल्या पुढच्या दोन मैत्रिणींकडे लागले.

"एवढा स्टीलचा पाइप कशाला गं?"

"मोटारसायकलच्या बॅकरेस्टला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाईंनी माझ्यामागे बसायची धास्तीच घेतली. घराबाहेर पडेनात."

"वेल्डिंग कोण करतं?"

"मीच, मागच्या अंगणात. पहिल्या खेपेला सासूबाईंनी टेकून बघितलं आणि म्हणाल्या, 'अगं, ही तर वाकडी!'"

"अगंबाई! मग?"

"कापली, पुन्हा जोडली. काल ऐटीत टेकून बसल्या, थेट बहिणीच्या दारात उतरल्या."

"मग झालं की! आता हा पाइप?"

"बहिणीलाही हवीय. सासूबाई मला न विचारताच शब्द देऊन मोकळ्या. म्हणाल्या, 'बाजारात कशाला शोधतेस? माझी सून घरी बनवते!'"