शून्य जोराची दांडी

फोटोकॉपीच्या रांगेत माझ्यापुढे एक वेल्डर आणि त्याची बायको छपराच्या कैचीचं, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याचं, ड्रॉइंग उलगडून उभे होते.

“अगं, कळलं मला! या उभ्या दांडीवर जोर शून्य. हिशेबातच लिहिलंय! आठही कैच्यांतल्या कापून टाक, असं धाकट्या भावाला सांगूनच आलोय.”

“अहो, शून्य जोर तर भाऊजींवरही आहे. त्यांना काढलंत का घरातून?”

“विषय छपराचा चाललाय.”

“मग त्याच्याखालची टीप वाचा.”

“‘ही दांडी वरच्या लांब दांडीला वाकू देत नाही...’ अगं आई गं! छप्पर खाली येईल की!”

“फोन लावा आधी!”

“हॅलो, धाकट्या! किती कापल्यास? ...एकही नाही! डोळा लागला होता म्हणतोय! आत्ता सुरू करतो म्हणे!”

“त्यांना म्हणावं, झोपा परत!”