ग्रहणाचा जाहीर कार्यक्रम

हसू नका, पण मोताळ्यात आम्हा चार मास्तरांचं आकाशदर्शन मंडळ होतं. पहिलाच जाहीर कार्यक्रम ठेवला, तो सूर्यग्रहणाचा! काजळी धरलेल्या काचा घेऊन मी बाजाराच्या मैदानात उभा, आणि गावभर दारं बंद. मंडळाचे बाकीचे तिघेही घरात. म्हणे, आई बाहेर पडू देत नाही. ग्रहण मी एकट्यानंच पाहिलं.

ते सुटल्यावर समोरची म्हातारी दार उघडून बाहेर आली, ती सुपात ज्वारी घेऊन थेट माझ्याकडेच.

“माय, मी दान मागाले नाही आलो.”

“माहीत हाये बापू. पण गिरानात बाहेर तूच एकला होता. मंग देऊ कोणाले?”

मी काचा खाली ठेवल्या आणि रुमाल पसरला. दिवसभरात माझ्याशी बोललेली ती एकटीच.