आबाजीवर डाव येत नाही

...अन् मी उभा जमीर मेकॅनिकच्या गॅरेजसमोर, ट्रॉलीमागं, अर्धं पोट बाहेर, धोतर वाऱ्यानं फडफडून राह्यलं, अन् नातू पियूष समोरून येतो, डोळ्यात डोळे घालून पाहतो, अन् म्हणतो काय? "इथं तं कोणीच नाही बाप्पा!" तुमाले सांगतो, काहीतरी शिजून राह्यलं!

मी कमी बोलणारा माणूस. पण सात दिवस झाले! नातीनं, अनघानं, सुट्टीत गल्लीत लपाछपी मांडली, मी म्हटलं, मलेही घ्या. लहानपणी ह्याच दारव्ह्यात माह्यावर डाव आला का एकेकाले हुडकून काढत जाओ मी! अन् आता? सगळ्याइवर डाव येते, माह्यावर एकदाही नाही. काहून?

पहिला संशय सुनेवर. म्हटलं, "शुभदा, पोट्ट्याइले माह्या गुडघ्याचं काही सांगितलं का?" ती म्हणे, "मी कायले सांगू बाबा? च्या घ्या." च्या! न मागता! तुमाले सांगतो, काहीतरी शिजून राह्यलं!

मंग काल मी लपलोच नाही. गल्लीच्या मधोमध खुर्ची टाकून बसलो. डाव होता जमीरच्या मोठ्या पोरीवर, तमन्नावर. म्हटलं, "पकड मले!" ती खुर्चीले वळसा घालून निघून गेली... जसा काही मी विजेचा खांब! मी तिचा हात धरला, माह्या पाठीवर ठेवला, "घे, झालो आउट, दे डाव!" तिनं अनघाकडे पाह्यलं, अनघानं पियूषकडे, पियूषनं आपल्या चपलेकडे.

"आबाजी," अनघा म्हणे, "तुम्ही कच्चा निंबू आहा."

कच्चा निंबू! म्हणजे लहान लेकरू! रडू नये म्हणून खेळात घ्यायचं, पण आउट नाही करायचं! मी?

"कोणं ठरवलं?"

"सगळ्याइनं. पहिल्या दिवशी तुम्ही ट्रॉलीमागं लपले अन् झोपूनच गेले. किती हाका मारल्या, हलतच नव्हते! तमन्ना तं रडली ना आबाजी..."

मी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत बसलो.

तेवढ्यात तमन्नाची बहीण फिजा आली. चार वर्षांची, नाक वाहून राह्यलं, अन् परवाच पक्की झालेली! माह्या गुडघ्यावर हात ठेवून मले म्हणते, "रोऊ नका आबाजी. मी बी होती कच्चा निंबू. मोठे झाले का पक्क्यात घेतात."

बसलो हाय वाट पाहत. अठ्ठ्याहत्तरावं चालू हाय... आता अजून किती मोठं व्हायचं, सांगा बाप्पा?