देव्हाऱ्यातला पत्रा

मंडळी, आधी एक सांगा — अक्षर मोठं, की अक्षराला केलेला नमस्कार मोठा? हसू नका! वहीला पाय लागला की आपण चटकन पाया पडतो. चांगली रीत आहे. पण वहीत लिहिलंय काय, ते कोण बघतं?

तर ऐका! माळावरची सात घरांची वस्ती. शाळा चार कोस लांब, म्हणून अख्ख्या वस्तीत वाचणारं माणूस नाही — एकही नाही! तिथं राहते भागरथा. घरात सासरा लिंबाजी, सासू धुरपता, सहा वर्षांची लेक मंजुळा. नवरा कामाला परगावी. दारात हापसा, भर उन्हाळ्यातही न आटणारा! पण धुरपता कमरेतून पार वाकलेली. आणि आता मंजुळेचेही गुडघे आत वळायला लागलेले. पोर चालता चालता पडायची.

लिंबाजी म्हणायचा, "देवीचा कोप हाय. सेवा वाढवा!"

देवी कोणती? पत्रा! हो, पत्राच! कैक वर्षांमागं वावटळीत उडून अंगणात पडलेला. पांढऱ्यावर लाल अक्षरं. "देवी आपल्या पायानं घरी आली," म्हणत लिंबाजीनं तो देव्हाऱ्यात बसवला. रोज हळदकुंकू, हापशाच्या पाण्यानं आंघोळ — आणि तेच पाणी तीर्थ म्हणून नातीच्या ओठाला!

मग वस्तीवर कॉलेजची मुलं-मुली आली, घरोघर वाचायला शिकवायला. भागरथेच्या वाट्याला आली वैदेही. तिची तऱ्हाच न्यारी! म्हणायची, "ताई, घरात जिथं अक्षर दिसेल, ते वाचायचं." भागरथेनं साबणाचा कागद वाचला, चहाचा पुडा वाचला, नवऱ्याच्या बनियनवरचा शिक्का — तोही सोडला नाही! दोन महिन्यांत घरातली अक्षरं संपली.

राहिली फक्त देव्हाऱ्यातली. एका सकाळी पूजा चालू असतानाच ती पुढं वाकली.

"हे... पा-णी... पि-ऊ..."

लिंबाजीला आनंद मावेना! "ऐकलं का! देवीच म्हनती, हे पाणी पिऊ!" धुरपतेनं वाकल्या कमरेनंच हात जोडले.

वैदेहीनं मात्र बोट दाखवलं. ओळीच्या शेवटी कुंकवाचा थर साचला होता, चांगला जाड. "ताई, ह्याच्याखाली काय आहे?"

देवीचं कुंकू खरवडायचं? तेही सासऱ्यासमोर? पण भागरथेला ओळ अर्धी सोडवेना! नखानं खरवडलं. एक अक्षर निघालं — न. दुसरं निघालं — ये.

नये!

हे पाणी पिऊ नये! अहो, हाडं वाकवणारं पाणी म्हणून सरकारी माणसानं हापशावर लावलेली, आणि कुणी बघायच्या आत वावटळीनं उडवलेली पाटी होती ती!

भागरथा मागं वळते तर काय — तीर्थाची पळी मंजुळेच्या ओठाला टेकलेली! ज्या सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, त्याच्या हातावर सुनेनं फाडकन फटका मारला! पळी भिंतीवर जाऊन आदळली.

"मामा, नका! वीख हाय त्यात!"

लिंबाजी आपल्याच हाताकडं बघत खाली बसला. "म्या पाजलं," तो म्हणाला. "रोज, हौसेनं पाजलं."

त्या दिवसापासून पाणी कोसभरावरच्या विहिरीवरून येतं. मंजुळेचे गुडघे वळायचे तेवढ्यावर थांबले. धुरपतेची कंबर? नाही झाली सरळ. खोटं कशाला सांगू! लिंबाजीनं पत्रा पुन्हा हापशाला बांधला आणि वैदेहीपुढं येऊन बसला. म्हणाला, "पोरी, मला आधी 'न' शिकीव."

आता तुमच्याकडं येतो! लाल फडक्यात बांधलेली पोथी कुणाकुणाच्या घरी आहे? वा, सगळे हात वर! गाठ सोडून शेवटची वाचली कधी? ... आले हात खाली! आणि ज्यांना वाचता येतं, त्यांनी आजवर शिकवलं कुणाला?

टाळ राहू द्या, टाळकरी बुवा, कीर्तन अजून संपलं नाही. नाव घ्यायचंच आहे, पण देवाचं नंतर. आधी तुमच्या गल्लीत ज्याला वाचता येत नाही, त्याचं घ्या. हं, बोला — पहिलं नाव कोण सांगतो?