अकरावी पायरी

...आणि वर हा प्लंबर मला विचारतो, "सर, पायऱ्या मोजल्या नव्हत्या का?" आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा! मोजल्या नव्हत्या का म्हणे! अरे, दोन धडधाकट माणसं, एक टॉर्च, दोन चष्मे, वाटीभर तेल... एवढा सगळा सरंजाम आम्ही काय आकाशातले तारे मोजायला मांडला होता? मोजल्या रे बाबा, घसा ताणून मोजल्या! पण ते जाऊ दे, तिथपर्यंत यायला अजून बरंच सोसायचंय. तुम्हाला सांगतो, मला एक भोक पाडायचं होतं हो. एक! स्वयंपाकघरातल्या सिंकच्या काठाला, पस्तीस मिलिमीटरचं, गोल, साधं, निरुपद्रवी भोक. बोगदा नाही खणायचा, विहीर नाही पाडायची... एक भोक!

आता मी कोण, तर तांत्रिक शाळेत एकतीस वर्षं यांत्रिक ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेला मास्तर. ड्रॉइंग म्हणजे ते फुलं-पानं नव्हे, यंत्राच्या भागांची चित्रं. भोकं किती काढली असतील मी? लाखभर सहज! एक वर्तुळ, त्यातून आडवी-उभी मध्यरेषा, बाहेर बाण, बाणावर माप... झालं भोक. दहा सेकंद. मध्यरेषा विसरली की मी दोन गुण कापायचो, आणि कापताना मला अजिबात वाईट वाटायचं नाही. तर ज्या माणसाने लाखभर भोकं काढली त्याला एक पाडता येणार नाही? असं मला वाटलं. वाटायला काय जातंय!

पण खरं सांगायचं तर सुरुवात भोकापासून नाही झाली, मनगटापासून झाली. आमच्या हिच्या मनगटापासून. झालं काय, एके सकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर ही नळ उघडत होती... पकडीने! ती तार-बीर वाकवायची पकड असते ना, तिने. आमचा नळ जुना, भिंतीतला, गोल चकतीचा, पिळून उघडायचा. मी म्हटलं, "हे काय गं?" तर म्हणाली, "काही नाही, जरा घट्ट आहे." मी जाऊन फिरवला तर लोण्यासारखा फिरला. म्हटलं, "घट्ट कुठाय?" तर म्हणाली, "माझ्या हाताला घट्ट आहे." "कधीपासून?" "झालं असेल वर्ष."

वर्ष! ऐकताय ना? एकाच घरात राहतो आम्ही. रोज तिच्या हातचा चहा घेतो, आणि ती पकड वर्षभर चमच्यांच्या भांड्यात उभी होती. मी ती रोज बघत होतो आणि मला वाटत होतं, असेल तिची जागा! बोलली का नाही म्हणून विचारलं, तर म्हणते, "तुम्ही कागदावरून डोकं वर काढलंत की सांगायचं, असं ठरवलं होतं." तडक डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, सांध्यांचं दुखणं आहे, पिळायची कामं बंद, दांडीचा नळ लावा, एका बोटाने वर-खाली होणारा. म्हटलं, आजच्या आज! आणला. काय देखणा नळ हो, हंसासारखी मान त्याची! पण हा नळ भिंतीत नाही बसत, सिंकच्या काठावर उभा राहतो. आणि आमच्या सिंकच्या काठाला... बरोबर ओळखलंत. भोक नाही!

प्लंबरला फोन लावला. हा माझाच विद्यार्थी, मध्यरेषा विसरणाऱ्यांचा शिरोमणी. म्हणाला, "सर, मी बाहेरगावी कामावर आहे, आठ दिवसांनी येतो." आठ दिवस? आठ दिवस हिने पकड धरायची? म्हटलं, "भोक मी पाडून ठेवतो, खोक्यावर पस्तीस मिलिमीटर लिहिलंय, तू येऊन नुसता नळ बसव." तिकडून नुसतं 'हं'. मग हळूच आवाज आला, "सर... राहू द्या ना." राहू द्या! ज्याचे मी दोन-दोन गुण कापले तो मला सांगणार, राहू द्या! तिथेच माझं डोकं फिरलं, तुम्हाला सांगतो. भोक गेलं बाजूला, प्रश्न आला इभ्रतीचा.

गेलो हार्डवेअरच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "काका, पत्र्याला मोठं भोक? मग स्टेप ड्रिल न्या." आणि त्याने ती वस्तू काउंटरवर ठेवली. शंकूसारखं बिट, पण अंगावर पायऱ्या कोरलेल्या, खाली निमुळतं, वर रुंद, जणू एखादा मनोरा डोक्यावर उभा केलाय. म्हणाला, "हे फिरत फिरत खाली जातं, आणि एकेक पायरी आत गेली की भोक तेवढं मोठं होतं. टोकाची पहिली पायरी सहा मिलिमीटर, शेवटची बारावी अडतीस. तुमचं पस्तीस म्हणजे अकरावी. अकरावर थांबायचं." किती सोपं! मी खूश. तो पुढेही काहीतरी सांगत होता... हळू चालवा, तेल सोडा, आधी पंच ठोकून खूण करा... मी "हो हो, हो हो" करत पिशवी उचलली. एकतीस वर्षं सांगायची सवय झाली की ऐकायची राहत नाही हो माणसाला!

घरी आलो, मेहुण्याचं ड्रिल मशीन आणून ठेवलं होतंच. मध्यरेषा आखल्या. अशा आखल्या की डोळ्याचं पारणं फिटावं! बिट टेकवलं, बटण दाबलं, पूर्ण. आणि ते बिट मध्यरेषेवरून जे सुटलं ते थेट काठाच्या टोकापर्यंत... सर्रर्र! पत्र्यावर हा एवढा ओरखडा. ही आतून ओरडली, "काय झालं?" "काही नाही, खूण केली!" परत टेकवलं, या वेळी अंगाचा भार टाकला. तर पत्रा किंचाळायला लागला. अक्षरशः किंचाळायला! शेजारच्या बाई दारात येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून. धूर निघाला, पत्रा निळा पडला, आणि अर्ध्या तासाच्या घनघोर लढाईनंतर भोक किती पडलं असेल? भोक नाहीच. खळी! बाळाच्या गालाला पडते तशी गोंडस खळी. मी घामाघूम होऊन बसलो तर हिने येऊन बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. पण पाणी इथून येणार आहे का?"

परत दुकानात. दुकानदाराने बिट हातात घेतलं, टोक उजेडात धरलं, आणि उशिरा आणलेल्या रोग्याकडे डॉक्टर बघतो तसं माझ्याकडे बघितलं. "जाळलंत, काका." म्हटलं, "पत्राच खराब आहे!" तर म्हणाला, "पत्रा स्टेनलेसचा आहे. जोर करून, घाईने घासलात की तो तापतो, आणि तापला की आणखी कडक होतो. त्याला सबुरीने घ्यायचं." घरी येऊन मी हे हिला सांगितलं, तर ही म्हणाली, "मला हे पत्र्याबद्दल माहीत नव्हतं, पण अशा स्वभावाच्या माणसाबरोबर तीस वर्षं काढलीत मी." म्हणजे बघा! एक भोक पाडायचं होतं हो मला, एक, आणि आता माझ्या स्वभावालाच भोकं पडायला लागली!

दुसऱ्या दिवशी नवं बिट, आणि मेहुणा स्वतः हजर. हिचा थोरला भाऊ. हा असा माणूस की ज्याला सगळं येतं आणि जो काहीच करत नाही. हातात टॉर्च घेऊन म्हणाला, "भावोजी, चालवा तुम्ही. मी मोजतो." बरं, या वेळी सगळं शास्त्रशुद्ध हं! जुनी जागा सोडून बोटभर सरकलो, पंच ठोकला, आधी बारीक बिटाने छोटं भोक पाडलं, तेल सोडलं. आणि मशीन सुरू करणार एवढ्यात माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, "थांबा! टोक मोजायचं नाही हं. टोक म्हणजे आरंभ. आरंभ म्हणजे शून्य. त्याच्यानंतर एक." मेहुणा म्हणाला, "पण दुकानदाराने..." म्हटलं, "दुकानदार ड्रॉइंग शिकलाय का?" मेहुणा म्हणाला, "बरं, शून्य."

आणि काय सांगू तुम्हाला... चाललं हो! हळूहळू, गुळगुळीत, पत्र्याची चंदेरी कुरळी सालपटं निघतायत, एकेक पायरी आत बसली की हाताला हलकाच धक्का बसतोय, आणि मेहुणा मोजतोय, "चार... पाच..." मला आतून गाणं म्हणावंसं वाटायला लागलं! आठ झाल्या, नऊ झाल्या, तेलाने बिट असं माखलं होतं की पायऱ्या डोळ्याला दिसेनात, पण गरज काय? मोजतोय ना माणूस! "दहा..." मी श्वास रोखला. ही दारात येऊन उभी. "अकरा!" थांबवलं मशीन. दोघं टाळ्या द्यायच्या बेतात. बिट भोकात तसंच ठेवून वरून फडक्याने पुसलं, आणि बघतो तर... अकरावीच्या वर बारावी दिसायला हवी ना बाहेर? एकही पायरी बाहेर नाही! जिना संपलेला! टोकाची एक आणि वरच्या अकरा... किती झाल्या? मला विचारू नका, मी यांत्रिक ड्रॉइंगचा मास्तर आहे!

माप घेतलं. अडतीस. परत घेतलं. अडतीसच. नळ आत उभा केला तर तो डगडग हलायला लागला, पडायला आलेल्या दातासारखा. मेहुण्याने टॉर्च विझवला, शांतपणे खिशात ठेवला आणि म्हणाला, "भावोजी, मी मात्र तुम्ही सांगितलंत तसंच मोजलं हं." आणि ते खरं होतं, हेच तर दुःख आहे! चूक दुसऱ्याची असती तर मी दोन दिवस आरामात चिडलो असतो. मी मोडलेल्या माणसासारखा स्टुलावर बसलो. हिच्याकडे बघायची हिंमत होईना. ही जवळ आली, भोकातून खाली डोकावून बघितलं, आणि जराही न रागावता म्हणाली, "अहो, मला नळ हवा होता. भोक नको होतं."

रागावली असती तर बरं झालं असतं हो! कारण मग तिने चमच्यांच्या भांड्यातली पकड उचलली, आणि भिंतीतल्या त्या जुन्या नळाला लावली, आणि पिळताना तिचे ओठ कसे घट्ट मिटले ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. वर्षभर ते असेच मिटत असतील. त्यानंतर प्लंबर येईपर्यंत त्या घरातला प्रत्येक नळ मी उघडला, तुम्हाला सांगतो. ती "अहो, नळ" म्हणाली की मी हजर. आंघोळ अर्धी टाकून हजर! पेपर तर मी त्या आठवड्यात वाचलाच नाही.

आठव्या दिवशी प्लंबर आला. भोक बघितलं, मग मला विचारलं, तेच, पायऱ्यांचं. मी सगळं कबूल केलं. शून्यासकट. म्हटलं, "आता नवीन सिंकच बसवावं लागेल ना?" तर हा म्हणतो, "कशाला सर? नळाच्या खाली ही चकती आहे ना, पन्नासची. खालून नट आवळला की चकती धरून ठेवते. अडतीस काय, चाळीससुद्धा चाललं असतं." चाळीससुद्धा! म्हटलं, "मग फोनवर पस्तीस कशाला म्हणालास?" तर म्हणाला, "मी नाही म्हणालो सर. तुम्हीच खोक्यावरचं वाचून दाखवलंत. मी 'हं' म्हणालो." म्हणजे ज्या तीन मिलिमीटरपायी मला आठवडाभर अन्न गोड लागलं नाही, त्यांना कुणी विचारतच नव्हतं!

पंचवीस मिनिटांत नळ उभा. भोक? चकतीखाली गडप! आता कुणी शोधूनही सापडणार नाही. प्लंबर म्हणाला, "काकू, बघा चालवून." हिने करंगळी लावली. नुसती करंगळी! दांडी वर गेली आणि पाणी आलं. बंद केलं. परत चालू केलं. पाच-सहा वेळा केलं लहान पोरीसारखं, आणि हसली. मी आपला चष्मा पुसायला बाहेर गेलो.

बाहेर बसलो होतो, मनात म्हणत होतो, चला, शेवटी केलं आपण काहीतरी हिच्यासाठी. तेवढ्यात आतून हिचा फोनवरचा आवाज आला, मैत्रिणीशी बोलत होती, "अगं, काय सुंदर नळ बसलाय म्हणून सांगू! दादाने सगळं केलं गं. मशीनपण त्याचंच, माप-बीप सगळं त्यानेच मोजलं... हे? हे होते ना मदतीला."

उठून आत जाणार होतो. नाही गेलो. म्हटलं, असू दे. मदतीला का होईना, होतो.