घोडेगावातलं दुकान बंगलोरात

...तर आता तुमीच सांगा भाऊ, कापडाच्या दुकानात रात्री मेन स्विच खाली करायचा न्हाई तर काय करायचं? आन् वरून मलाच बोलणी, का तर दुकानातला क्यामेरा बंद पडायचा! "पप्पा, चोर काय गिऱ्हाइकाच्या टायमाला येणार आहे का?" ह्यो आमचा अंकित. एकुलता एक. बंगलोरला कंप्युटरात हाय, लई मोठ्या कंपनीत. अवं, वडलांपासनं शिस्त हाय आमची, दुकान वाढवताना गल्ल्याला हात जोडायचे, मेन स्विच खाली, मग कुलूप! एक ठिणगी पडली तर साड्या, धोतरं, सगळ्याची राख! आन् रात्री क्यामेऱ्यात बघायचंय काय? अंधार! अंधार बघायला लाईट जाळायची?

पण ते जाऊ द्या. ह्या पुनमचंदचं घोडेगावातलं दुकान बंगलोरात दिसतं, राव! हाय का आख्ख्या पेठेत दुसऱ्या कुणाचं?

झालं काय, हे पोरगं फोन करायचं रविवारी, तोबी आईला. माझ्याशी काय? "बरंय ना पप्पा?" "बरंय." खट्! खाली ठेवला. मग गेल्या साली गावात ब्रॉडबँड आलं, तसा म्हणला, "पप्पा, क्यामेरा बसवू, मी इथून दुकान बघत जाईन." मला वाटलं, चला, पोराचं मन दुकानाकडं वळतंय! मंचरचा गोकुळ आला, त्यानं गल्ल्याच्या वर क्यामेरा ठोकला, माळ्यावर रेकॉर्डर ठेवला, इंटरनेटच्या डब्याला वायर जोडली आन् म्हणला, "शेठ, ह्यो तुमचा नंबर. अंकितशेठनी तिकडं टाकला की दुकान दिसणार." नंबर म्हंजे कसा, आकडे, टिंब, आकडे, टिंब... संपतच न्हाई! फोनवर सांगितला, आन् अंकित वरडला, "पप्पा, दिसलात! हात वर करा!" मी केला हात वर. समोर आहुप्याची कोंडाबाई लुगडं बघत व्हती, तिनंबी केला!

तवापासनं आमची मंडळी, गुलाबबाई, रोज दुपारी नवी साडी नेसून क्यामेऱ्याखाली हजर. हातात ताट! "अंकित, बघ रे, आज गट्ट्याची भाजी केलीय." म्हणलं अगं, त्याला ऐकू येत न्हाई, नुसतं दिसतं! तर म्हणती, "मग भाजी दिसंल ना!" आन् ती कोंडाबाई, ती तर पार क्यामेऱ्याला तोंड लावून, "अंकितशेठ, तुज्या बापाला सांग, म्हातारीला जरा बघून भाव लाव!" आता बोला! तक्रार थेट बंगलोरला!

पण गंमत ऐका. रात्री मेन स्विच खाली केला की डबा बंद, आन् सकाळी चालू केला की नंबर नवाच! जुना बाद! मग दुकान उघडतोय न उघडतोय तोच फोन. "पप्पा, आजचा नंबर?" रोज! मी चष्मा लावून, गल्ल्यावरच्या कंप्युटरवर बघून सांगायचा, आकडा, टिंब, आकडा... आन् मधीच इचारायचं, जेवला का रं? तिकडं पाऊस हाय का? तुझा सायब कसाय? हळूहळू तोबी बोलाया लागला. एकदा म्हणला, "पप्पा, इथं जीव रमत नाही हो." असं माझ्याशी कधी बोलला नव्हता तो! त्या दिवशी नंबर सांगायचा राहूनच गेला, दोघांच्याबी ध्यानात आलं न्हाई. मला लई बरं वाटलं.

मग दिवाळीला आला. लक्ष्मीपूजन झालं न झालं, चढला माळ्यावर! रेकॉर्डर आन् डबा इन्व्हर्टरला जोडला, माझ्या मेन स्विचचा संबंधच तोडला. वर म्हणला, "पप्पा, नंबरची कटकट संपली. आता तुमचं नाव टाकलं की झालं, दुकान दिसणार." बघा! बंगलोरात बापाचं नाव टाकलं की दुकान उघडतं! पेढे वाटले पेठेत, पेढे! घोडेगावातलं दुकान बंगलोरात दिसतं, राव, आन् तेबी माझ्या नावानं!

...आन् तो परत गेला, तसा सकाळचा फोन बंद. मी आपला चष्मा लावून बसतोय... कशाला करंल? त्याला सगळं दिसतंय! आई दिसती, ताट दिसतं, बाप दिसतो. मला काय दिसतं? क्यामेरा! लई ओकं ओकं वाटायचं बघा.

मग एकदा वरच्या दोरीला टावेल लटकवत व्हतो, एक घसरला आन् बसला क्यामेऱ्यावर. मला पत्ताच न्हाई. फोन! "पप्पा, काहीच दिसत नाही! तुम्ही ठीक आहात ना?" म्हणलं, ठीक हाय रं बाबा... तू जेवला का? आन् मग किती येळ बोललो म्हणता, गिऱ्हाइकं कट्टाळून निघून गेली!

आता तुमी शाणी माणसं, पुढचं काय सांगू? टावेल रोज सकाळी घसरतो. न चुकता!

पण ह्यो पडला इंजिनेर. काल म्हणला, "पप्पा, त्या जागेतच गडबड आहे. मी गोकुळला सांगतो, चारी कोपऱ्यांत चार क्यामेरे बसवू." चार! बसव म्हणलं बाबा... कापडाचं दुकान हाय, टावेलांना काय तोटा!