उरलेल्या गोळ्या

औषधाच्या दुकानात, रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या दोघांचं हे बोलणं.

"भाऊ, फिटच्या गोळ्यांसाठी उभे असाल तर उगाच ताटकळू नका. माल आलेलाच नाही."

"मग तुम्ही कशाला उभ्या, ताई?"

"मी परत द्यायला आलेय. आमच्या ह्यांच्या उरल्यात."

"उरल्यात? मी सगळी दुकानं पालथी घातली, एक गोळी मिळेना!"

"मग ह्याच न्या. कोणासाठी हव्यात?"

"मुलीसाठी. देव तुमचं भलं करो. पण ह्या टंचाईत एवढ्या उरल्या कशा?"

"पुढे मिळते न मिळते, म्हणून हे अर्धीच घ्यायचे. मीच सुरीनं तोडून द्यायचे."

"सुरीनं चुरा नाही होत? आमच्याकडे फार वाया जाते."

"म्हणजे तुम्हीपण तिला अर्धीच देता?"

"करणार काय? दुधाची तहान ताकावर. तुमच्या मिस्टरांचं भागलं ना अर्धीवर?"

"गेल्या महिन्यात त्यांना बाथरूममध्ये फिट आली. दार तोडेपर्यंत संपलं होतं सगळं. भाऊ, मुलीजवळ आत्ता कोण आहे?"